सेव्हन-झिप बरेच महिने वापरल्यावर: फोटो-व्हिडिओ लहान का होत नाहीत

डीटीपी आणि छपाईचं काम आहे, त्यामुळे फायली पाठवणं आणि बॅकअप काढणं रोजचंच, त्यासाठी गेले बरेच महिने सेव्हन-झिप हे फायली आवळून (कॉम्प्रेस करून) लहान करणारं सॉफ्टवेअर वापरतोय. फुकट आहे, जाहिराती नाहीत, इगोर पाव्हलोव्ह हा प्रोग्रामर १९९९ पासून सांभाळतोय. पण लोकांची एक तक्रार सारखी ऐकू येते, फोटोंचा फोल्डर झिप केला आणि साइज तेवढीच राहिली, बोगस सॉफ्टवेअर. हे मला अजिबात पटत नाही.

कॉम्प्रेशन करताना फायलीत परत परत येणारे तुकडे शोधतात आणि तोच तुकडा पुन्हा आला की 'मागे अमुक ठिकाणी आहे, तिथून एवढा उचल' इतकीच खूण ठेवतात. लेंपेल आणि झिव्ह या संशोधकांनी १९७७ ला मांडलेली आयडिया, झिप काय नि सेव्हन-झेड (सेव्हन-झिपची स्वतःची फाईल) काय, आजही त्यावरच उभे आहेत. आता जेपीजीत तसं परत येणारं काही उरलेलंच नसतं, कारण फोटो सेव्ह होतानाच डोळ्याला न जाणवणारे बारकावे काढून टाकलेले असतात आणि राहिलेलं हफमन कोडिंगने, म्हणजे जास्त वेळा येणाऱ्या गोष्टीला छोटी खूण देऊन, आवळलेलं असतं. एमपी-थ्री, एमपी-फोरचं तेच. चरकातून निघालेलं चिपाड परत चरकात घातलं तर रस कुठून येणार? अल्ट्रा, म्हणजे सगळ्यात जास्त आवळणारी लेव्हल लावली तरी लॅपटॉप तापेल, वेळ जाईल, पाच एमबीचा फोटो पाचच्या आसपासच राहील.

वर्डच्या डॉक्सएक्सचं तर बघण्यासारखं आहे. सेव्हन-झिपच्या खिडकीत त्या फायलीवर जाऊन कंट्रोल आणि पेजडाउन दाबा, आत 'वर्ड' नावाचा फोल्डर दिसेल, त्यात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल आणि 'मीडिया'मध्ये तुम्ही टाकलेले फोटो. म्हणजे ती मुळात झिपच आहे, ऑफिस २००७ पासून, मग अजून किती लहान होणार.

उलट साधा मराठी मजकूर, युनिकोडमधली टेक्स्ट फाईल, मस्त आवळली जाते. यूटीएफ-आठमध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यातला पहिला कायम तोच आणि दुसरा दोनपैकीच एक, एवढी पुनरावृत्ती असल्यावर काय बघायला नको! तक्त्यांच्या सीएसव्ही, चित्रांच्या बीएमपी आणि कॉम्प्रेस न केलेल्या टिफ फायली याही चांगल्या कमी होतात.

आणि कुणी म्हणालं की आमचं सॉफ्टवेअर कुठलीही फाईल अर्धी करतं तर सरळ खोटं समजा. लहान साइजच्या वेगवेगळ्या फायली मोजक्याच बनू शकतात, मोठ्या त्याहून कितीतरी जास्त, सगळ्याच मोठ्या लहान व्हायला लागल्या तर दोन वेगळ्या फायलींची एकच लहान फाईल होईल, मग उघडताना नेमकी कुठली परत द्यायची?

पासवर्ड लावायचा तर सेव्हन-झिपमध्येच लावा, ते आधी कॉम्प्रेस करतं आणि मग एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करतं. आधीच एन्क्रिप्ट केलेली फाईल दिलीत तर काहीच कमी होणार नाही, ती आतून पूर्ण विस्कटलेली असते.

नावडतं सांगायचं तर दिसायला जुनाट आहे, आणि जुन्या विंडोजवर सेव्हन-झेड तशी उघडत नाही म्हणून गिऱ्हाइकाला झिपच पाठवतो. फोटोंच्या फोल्डरला लेव्हल 'स्टोअर' ठेवतो, म्हणजे काही न आवळता नुसती एक फाईल बनते, पटकन होतं. लहानच हवे असतील तर फोटोंचं रिझोल्युशन किंवा क्वालिटी कमी करून वेगळी कॉपी काढा, ओरिजिनलला हात लावू नका.