रिस्लीच्या ‘द पीपल ऑफ इंडिया’चं पुनर्मुद्रण: घ्यावं का?

मूळ ग्रंथ 1908चा; ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्लीनं त्यात शरीराच्या मापांवरून भारतीयांचे ‘वंश’ ठरवले. या स्वस्त पेपरबॅकमध्ये तक्ते स्कॅन करताना इतके बारीक झालेत की 3 आणि 8 वेगळे ओळखू येत नाहीत. आणि इथे सगळा डोलारा आकड्यांवरच उभा आहे!

नासिका निर्देशांक म्हणजे नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले 100. 70च्या खाली अरुंद, 85च्या वर रुंद. रुंदी 35 मिमी, उंची 50 मिमी, तर 70, म्हणजे मध्यम. उंची 51 मोजली की 68.6, लगेच अरुंद. नाकाचं मूळ बोटानं चाचपून ठरवायचं, तिथे 1 मिमी सहज सरकतो. असल्या मापांवर मराठी ब्राह्मण नि कुणबी ‘सिथो-द्रविडी’ (शक आणि द्रविड यांच्या मिश्र वंशाचे) ठरवले, हे संतापजनक आहे. आंबेडकरांनी 1948 मध्ये नाकाच्या मापांवरूनच अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत असं मांडलं. या पुनर्मुद्रणाच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही नाही.

संशोधकांनी घ्यावं, पण तक्ते मूळ प्रतीशी ताडूनच वापरावेत.