तीन पट्ट्यांचा हार्नेस: उपाशी, बुजऱ्या करवानीसाठी घ्यावा का?

लातूर, नांदेड, परभणीकडं शेतातल्या आखाड्यावर साखळीला बांधून ठेवलेलं, गोचिडांनी भरलेलं, बरगड्या मोजता येतील असं करवानी किंवा पश्मी (इकडची सडपातळ, वेगवान शिकारी कुत्री) घरी आणलं तर पहिल्या दिवशी काय विकत घ्यावं? मान, छाती आणि कंबर अशा तीन पट्ट्यांचा हार्नेस आणि जोडीला मार्टिंगेल, म्हणजे दोर ताणला की ठरावीक मर्यादेतच आवळणारा गळपट्टा. गादी, शांपू, खेळणी नंतर बघता येतात. हार्नेसच्या जाहिरातीत ‘भित्र्या कुत्र्याला आत्मविश्वास देतो’ असं लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नये. तो फक्त कुत्रं सुटू देत नाही. पण सुटलेलं करवानी माणसाच्या पळण्यानं हाती लागत नाही, आणि कुत्रं हाताशी राहिलं तरच पुढच्या दोन-तीन महिन्यांत कळतं की त्याची भीती हेळसांडीची आहे की आईबापांकडून आलेली.

खरी करामत तिसऱ्या पट्ट्यात आहे. घाबरलेलं कुत्रं पळण्याआधी मागं सरतं: पुढचे पाय रोवतं, डोकं खाली घालतं, कोपरं आत घेतं. दोर समोरून ताणलेला असला की साधा हार्नेस खांद्यावरून, मग कानांवरून सरकतो आणि रिकामा हातात येतो. तिसरा पट्टा शेवटच्या बरगडीच्या मागं, कमरेला बसतो. करवानीची छाती खोल, कंबर एकदम बारीक; तिथं नीट आवळलेला पट्टा छातीवरून पुढं येत नाही. गावठी कुत्र्यात छाती-कमरेतला हा फरक कमी असतो, म्हणून त्याच्यासाठी हाच हार्नेस जरा जास्त घट्ट बसवावा लागतो.

घेताना बहुतेक जण छातीचा घेर मोजतात आणि तिथंच फसतात. करवानीची पाठ लांब. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यामधलं अंतर कमी असलं तर तिसरा पट्टा बरगड्यांवरच बसतो, आणि मग तो असून नसून सारखाच. पाठीवरची जोडपट्टी कमी-जास्त करता येते का, हे आधी बघावं. मापं तीन घ्यावीत: मानेचा बुंधा, कोपराच्या मागं दोन-तीन बोटं सोडून छाती, आणि शेवटच्या बरगडीमागची कंबर. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट गेली पाहिजेत, मूठ नाही. नर असेल तर कमरेचा पट्टा लघवीच्या जागेवर येत नाही ना, हे कुत्रं उभं असताना आणि बसलेलं असताना दोन्ही वेळा तपासावं. बंद खोलीत दोर समोरून हलका ताणून, कुत्र्याला मागं सरू देऊन एकदा खात्री करावी. ही परीक्षा रस्त्यावर घेऊ नये.

मालाचं म्हणाल तर आधी धातू बघा. दोराचा हुक जस्ताच्या ओतकामाचा, हलका, चकचकीत असेल तर झटक्यात तुटू शकतो; पितळी किंवा स्टीलचा, आट्यांनी बंद होणारा घ्यावा. कड्याचा सांधा जोडलेला नसेल तर ओढीनं तो उघडतो. नखानं चाचपलं की फट लागते. शिवण एका ओळीची नको, चौकोन आणि आत फुली अशी हवी. पट्टी २५ मिलिमीटर रुंद पुरे. २० ची काखेत कापते. प्लास्टिकचं बकल सगळ्यात कमजोर. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या काचेखाली हार्नेस पडून राहिला की प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होत जातं आणि वरून काही दिसत नाही.

आठवडी बाजारात बैलाच्या साजाच्या दुकानात कुत्र्याचे पट्टेही टांगलेले असतात, घुंगरांचे, खिळ्यांचे, लाल गोंड्यांचे. दिसायला झकास. पण करवानीचं डोकं मानेपेक्षा अरुंद, त्यामुळं साधा गोल पट्टा कितीही आवळा, कानांवरून निघतोच. आणि निघणार नाही इतका आवळला तर घसा दाबतो. मार्टिंगेलमध्ये दोर ताणला की छोटा फासा मोठ्या पट्ट्याच्या दोन टोकांच्या कड्या जवळ ओढून तो आवळतो, सोडला की पट्टा सैल होतो. रुंदी साडेतीन-चार सेंटिमीटर असावी, जागा कानांच्या लगेच मागं. पूर्ण ताणल्यावर दोन्ही कड्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा मोठा झाला. मध्ये दोन बोटांची फट राहायला हवी. कुत्रं एकटं असताना मार्टिंगेल काढून ठेवावा. बाजेच्या पायात अडकून फास बसू शकतो. त्याच दुकानातला सुती कासरा मात्र लांब दोर म्हणून उत्तम, पाच मीटर बास. नायलॉनचा हात सोलून काढतो.

दोन दोर, दोन जागा: एक हार्नेसच्या पाठीवरच्या कड्याला, दुसरा मार्टिंगेलला, आणि हा दुसरा कायम सैल. लांब दोर गळ्याला कधीच लावू नये. हे कुत्रं चार उड्यांत वेग धरतं आणि दोर संपला की सगळा झटका मानेवर येतो. आपोआप गुंडाळला जाणारा डबीचा दोर तर घरातच आणू नये. डबी हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागं धावते, आणि बुजरं कुत्रं तिच्यापासून पळत सुटतं.

हार्नेस घालणं हे वेगळंच प्रकरण आहे. डोक्यावरून घालायचा नमुना टाळावा, मानेलाही बकल असलेला घ्यावा. पहिले तीन दिवस कुत्र्याला हात लावायचा नाही. तिरकं बसून, नजर टाळून, उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे टाकत राहायचं. मग हार्नेस जेवणाच्या ताटलीजवळ नुसता पडू द्यायचा. बकलचा ‘टक’ आवाज बऱ्याच बुजऱ्या कुत्र्यांना बिथरवतो, म्हणून आधी तो लांबून, फडक्यात धरून वाजवायचा आणि लगेच तुकडा द्यायचा. कान मागं गेले, जीभ नाकावर फिरली, शरीर ताठलं, की एक पायरी मागं यायचं. घाई करून धरून-बांधून घातलेला हार्नेस पुढचा महिनाभर नडतो.

वजन वाढतं तशी मापं बदलतात, तेव्हा चार-पाच दिवसांनी पट्टे परत तपासावेत. आणि वजन वाढवण्यातही एक मोठा धोका आहे. उपाशी कुत्र्याला पहिल्याच दिवशी परातभर भाकर-दूध घालतात. पिष्ट एकदम पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि कुत्रं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी लटपटतं, कधी मरतं. नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला लागणाऱ्या कॅलरी काढायचं सूत्र: किलोतलं वजन पाऊण (०.७५) घाताला, गुणिले ७०. पंधरा किलोच्या कुत्र्याला सुमारे ५३० कॅलरी. त्याच्या पाव ते एक तृतीयांशापासून सुरुवात करावी, सहा वेळा विभागून, अंडं-चिकन जास्त आणि भात कमी. तीन ते पाच दिवसांत पूर्ण मात्रेला यावं. डॉक्टरांना फॉस्फरस तपासायला सांगावं. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. भूल द्यायची वेळ आली तर कुत्रं करवानी आहे हे आधी सांगावं. अंगावर चरबी नसलेल्या या जातींना थायोपेंटोनसारख्या औषधातून शुद्धीवर यायला फार वेळ लागतो.

पट्ट्याखाली लाली दिसली म्हणजे हार्नेसच चुकला असं नाही. घासल्याची खूण पट्ट्याच्या रेषेत असते आणि केस गेलेले असतात. पोटावर, हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे, दाबल्यावर न जाणारे लाल ठिपके असतील तर ती प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटल्याची खूण, बहुधा गोचीडताप. त्याच दिवशी रक्त तपासावं.

आता स्वभावाचं. हार्नेस विकणारे, प्रशिक्षक आणि प्रेमळ शेजारी सगळे म्हणतात, माया लावली की कुत्रं बदलतं. काही बदलतात, झपाट्यानं. हेळसांड झालेलं पण मुळात ठीक वाणाचं कुत्रं आठ आठवड्यांत तुमच्यासमोर जेवतं, दार वाजलं की मान वर करतं, मग एक दिवस स्वतः येऊन हात हुंगतं. वाढ सरळ नसते, पण दिशा असते. दुसरं कुत्रं इतर कुत्र्यांत मोकळं, माणूस दिसला की दगड. आठवड्यामागून आठवडे तसंच. अशी भीती बहुधा आईबापांकडून आलेली.

अमेरिकेत आर्कान्सासमध्ये १९६० च्या दशकापासून पॉइंटर या शिकारी जातीच्या कुत्र्यांच्या दोन वंश-ओळी पाळल्या गेल्या, एक साधी आणि एक भित्री. भित्र्या ओळीतली कुत्री माणूस जवळ आला की थिजायची. १९७४ मध्ये त्यांच्या पुनर्वसनाचा प्रयोग प्रसिद्ध झाला: रानात पक्षी शोधायला शिकवल्यावर ती तिथं माणसाबरोबर बरीच मोकळी वागली, पण कुत्रेघरात परतल्यावर भीती होतीच. पुढं या ओळीतली बरीच कुत्री बहिरी असल्याचंही आढळलं. म्हणून आपल्याही थिजणाऱ्या कुत्र्याच्या मागून, नजरेआड, हवेचा झोत लागणार नाही अशा अंतरावर टाळी वाजवून कान हलतात का ते बघावं.

यातून ‘करवानी जातच भित्री’ असं मात्र काढू नये. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो असं दिसलं. जातीपेक्षा आईबाप महत्त्वाचे. खाण तशी माती, पण खाण म्हणजे ती विशिष्ट कुत्री. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वानप्रदर्शन भरतं, तिथं पिल्लू पसंत पडलं तर त्याची आई दाखवा म्हणावं, आणि अनोळखी माणूस जवळ गेल्यावर ती काय करते ते बघावं. तीन ते बारा आठवड्यांच्या वयात माणूस न दिसलेलं पिल्लूही भित्रं निघतं, तेव्हा भावंडांचंही विचारावं. ती सगळी मोकळी आणि एकच आकसलेलं असेल तर त्या पिल्लाचं काहीतरी वेगळं आहे. सगळीच आकसलेली असतील तर आई भित्री असावी, किंवा पिल्लं माणसं न बघता गोठ्यातल्या अंधारात वाढली असावीत.

भित्र्या वाणाच्या कुत्र्यासाठी हा हार्नेस तात्पुरता नसतो, जन्मभराचा असतो. त्याला ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि दोन दोर एवढ्यात बरं जगता येतं. येळवशीला (वेळ अमावास्येला) शिवारं माणसांनी फुललेली असतात, पोळ्याला वाजंत्री, दिवाळीला फटाके. त्या दिवशी बाहेर काढूच नये.

तयार हार्नेस पाठीला आखूडच पडत असेल तर साधा, चांगल्या शिवणीचा घेऊन चप्पल-खोगीर शिवणाऱ्याकडून तिसरा पट्टा जोडून घेता येतो: २५ मिलिमीटरची पट्टी, आतून मऊ लोकरी कापड, धातूचं बकल. विकतच्या बऱ्याच हार्नेसपेक्षा तो टिकाऊ होतो. साबण न घालता कोमट पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा, आणि फुलीतला एखादा टाका जरी उसवला तरी त्या दिवशी कुत्रं अंगणातच फिरवावं.