सांधेदुखीसाठी पथ्य, पूरक गोळ्या की मलम? कुणी काय निवडावं

सांधे वर्षानुवर्षे दुखणाऱ्या माणसाला सल्ल्यांची वाण नसते. कुणी हळद सांगतं, कुणी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, कुणी म्हणतं वजन उतरव, कुणी म्हणतं डाळी बंद कर. प्रत्येक सल्ल्याचा कुणाला तरी गुण आलेला असतो, म्हणून तो छातीठोकपणे दिला जातो. वेदनाशामक गोळ्या रोज खायची भीतीही खोटी नाही. त्या दीर्घकाळ घेतल्या तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तदाब वाढतो. तेव्हा दुसरं काही शोधावंसं वाटणं रास्तच आहे.

पण उपायांची तुलना करायच्या आधी दुखणं कुठलं ते ठरलं पाहिजे. इथेच बहुतेकांची गाडी चुकते. सांधेदुखी म्हणून जे काही सांगितलं जातं, त्यात निदान तीन वेगळे आजार असतात. पहिला झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. यात चाललं, जिने चढले की दुखतं, बसलं की बरं वाटतं आणि सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. दुसरा आमवात, म्हणजे रूमॅटॉइड. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळी बोटं मोकळी व्हायला तासभर किंवा अधिक वेळ लागतो. तिसरा गाऊट. रक्तातलं यूरिक आम्ल वाढून सांध्यात त्याचे स्फटिक बसतात आणि एखाद्या रात्री पायाचा अंगठा असा लाल होऊन ठणकतो की पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाही. एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला का लागू पडत नाही, याचं उत्तर बहुतेकदा एवढंच असतं.

गुडघ्याची झीज: वजन की ग्लुकोसामाइन?

यात मला फारसा संभ्रम वाटत नाही. वजन जास्त असेल तर आहार बदलून ते उतरवणं हा उपाय बाकीच्या सगळ्या 'नैसर्गिक' उपायांच्या पुढे आहे. वजन १ किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास ४ किलोंनी कमी होतो, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात दिसलं. दिवसभरातली पावलं धरली तर हा फरक कुठल्या कुठे जातो. शिवाय चरबी म्हणजे नुसतं ओझं नव्हे. ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते. लठ्ठ माणसांच्या हाताच्या बोटांतही ही झीज जास्त आढळते, आणि बोटांवर तर कुणी चालत नाही.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत वजन जास्त असलेले आणि गुडघेदुखी असलेले ४५४ जण होते. १८ महिन्यांनंतर आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झालं होतं आणि त्यांचं चालणंही सुधारलं होतं. त्यांचं वजन सरासरी एक दशांशाहून थोडं जास्त उतरलं होतं. इथे 'आणि व्यायाम' हे शब्द डोळ्याआड करू नका. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर मांडीचे स्नायूही जातात, आणि गुडघ्याला सावरून धरायचं काम तेच करतात. साठीच्या पुढच्यांनी पुरेशी प्रथिनं न खाता वजन कमी करणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं.

याच्या शेजारी ग्लुकोसामाइन ठेवा, म्हणजे सांध्याच्या कूर्चेत असणाऱ्या घटकाची पूरक गोळी. २००६ साली १,५८३ रुग्णांवर २४ आठवड्यांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रोज १,५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला. वाचायला छान वाटतं. पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही ६० टक्क्यांना तितकाच आराम पडला होता, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. दुखणं जास्त असलेल्यांच्या एका छोट्या गटात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन (कूर्चेतलाच आणखी एक घटक) एकत्र घेतल्यावर फरक दिसला होता आणि विकणारे आजही त्याच गटाकडे बोट दाखवतात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ग्लुकोसामाइन वापरू नका, असं ठामपणे म्हटलं आहे. ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, त्यामुळे त्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्यापासून लांबच राहावं.

हळद की मिरची?

हळदीची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. तिच्यातल्या कर्क्युमिनने गुडघ्याचं दुखणं कमी होतं, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पण त्या बहुतेक लहान आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत. मुख्य म्हणजे त्यांत कर्क्युमिनचा अर्क वापरलेला असतो, रोज साधारण ५०० ते १,५०० मिलिग्रॅम. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं वजनाच्या जेमतेम ३ टक्के. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळद घेतली तर हाती लागतं ९०-१०० मिलिग्रॅम, आणि तेही आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. जेवणातली हळद चवीला आणि रंगाला जरूर असू द्या, पण गुडघ्याचा भार तिच्यावर टाकू नका.

मग अर्काची कॅप्सूल घ्यावी का? ती रक्तात उतरावी म्हणून तिच्यात काळ्या मिरीतलं पिपरिन घालतात किंवा तिची घडण बदलतात. शोषण वाढतं खरं, पण अशा तीव्र अर्कांमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत. सगळ्यांना हा त्रास होत नाही. काहींच्या जनुकांतच त्याकडे कल असतो आणि तो आधी कळायला सोपा मार्ग नाही. म्हणून अर्क घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली, तर त्याच दिवशी बंद करून तपासून घ्या. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी सुरुवातच करू नये.

त्यापेक्षा मला मिरची बरी वाटते, अर्थात खायची नव्हे, लावायची. मिरचीतलं कॅप्साइसिन मज्जातंतूंच्या टोकावरच्या ज्या ग्राहकाला चिकटतं तो उष्णता ओळखणारा ग्राहक आहे. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पुन्हा पुन्हा लावल्यावर ही टोकं थकतात आणि वेदनेचा निरोप पुढे धाडणं कमी करतात. ०.०२५ ते ०.०७५ टक्क्यांचं मलम दिवसातून तीन-चार वेळा नेमाने लावावं लागतं. पहिले काही दिवस चांगलीच आग होते आणि नेमक्या त्याच दिवसांत बहुतेक जण ट्यूब फेकून देतात. गुडघ्यासाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. हाताच्या बोटांसाठी मात्र नाही, कारण तोच हात डोळ्याला लागतो. गोळी पोटात न जाता आराम हवा एवढंच कारण असेल, तर डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक मलम या दोहोंपेक्षा जास्त पारखलेलं आहे. ते 'नैसर्गिक' नाही, पण गोळीच्या मानाने त्याचा रक्तात उतरणारा अंश फार कमी असतो.

आमवात: इथे पथ्य एकटं पुरत नाही

आमवातात माशाच्या तेलाला खरा आधार आहे. ईपीए आणि डीएचए ही त्यातली ओमेगा-३ स्निग्धाम्लं. दोन्ही मिळून रोज सुमारे ३ ग्रॅम निदान तीन महिने घेतल्यावर सकाळचा ताठरपणा आणि दुखऱ्या सांध्यांची संख्या कमी होते, वेदनाशामक गोळ्याही थोड्या कमी लागतात. पण लेबल नीट वाचा. १,००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये हे दोन घटक मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात. म्हणजे दिवसाला दहा कॅप्सूल! दोन घेऊन 'काही फरक नाही' म्हणणारे चुकत नाहीत, त्यांची मात्राच पुरलेली नसते. मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाची लय बिघडण्याचा धोका थोडा वाढतो, हेही जमेस धरा. जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए फारच थोडं बनतं, त्यामुळे त्याच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवता येत नाही.

शाकाहाराबद्दल १९९१ साली नॉर्वेतल्या ५३ रुग्णांची चाचणी गाजली. सात ते दहा दिवसांचा उपास आणि पुढे वर्षभर शाकाहार केलेल्यांत सुधारणा दिसली, पण सगळ्यांत नाही. आणि वर्षभर ते पथ्य निभावणं किती जणांना जमेल?

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. आमवातात पहिल्या काही महिन्यांतच हाड कुरतडायला लागतं. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं ते थोपवतात, तेल किंवा पथ्य ते थोपवतं असं दिसलेलं नाही. 'आधी सहा महिने पथ्य करून बघू' हे झिजेच्या गुडघ्याला चालेल. आमवातात तेवढ्यात बोटं वाकडी झाली तर ती परत सरळ होत नाहीत. औषध चालू ठेवून सोबत तेल घ्या, त्याऐवजी नको.

गाऊट: आहाराचा आजार, तरी आहाराने न हटणारा

शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश यूरिक आम्ल शरीर स्वतःच तयार करतं. काटेकोर पथ्याने रक्तातली पातळी साधारण १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने उतरते. स्फटिक ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर बनू लागतात आणि उपचारात ती ६ च्या खाली ठेवायची असते. पातळी ७ असेल तर पथ्याने काम भागूही शकेल. ९ असेल आणि झटके वारंवार येत असतील, तर ॲलोप्युरिनॉलसारख्या औषधाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पथ्यही योग्य गोष्टींचं करा. बिअर, साखरेची पेयं, मांस आणि मासे यांना आळा घाला. डाळी आणि पालक मात्र उगाच बदनाम आहेत. ४७ हजारांहून अधिक पुरुषांना १२ वर्षं न्याहाळणाऱ्या २००४ च्या अभ्यासात वनस्पतींतल्या प्युरिनने (ज्याचं शरीरात यूरिक आम्ल बनतं) धोका वाढलेला दिसला नाही, आणि कमी स्निग्ध दुधाने तो उलट घटला. चेरी खाल्लेल्या दिवसांत झटके कमी आल्याचं २०१२ च्या एका पाहणीत आढळलं. आवडत असेल तर खा, पण औषधाच्या जागी नको. आणि कडक उपास नकोच, त्याने यूरिक आम्ल चढतं आणि झटका येऊ शकतो.

करून बघायचं ठरलं तर

एका वेळी एकच बदल करा. आपण नवा उपाय सुरू करतो तो दुखणं सगळ्यात वाईट असताना, आणि त्यानंतर ते काहीसं उतरणारच असतं. श्रेय मात्र उपायाला जातं. म्हणून सुरुवातीआधीचे दोन आठवडे रोज दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या आणि त्या दिवशी किती वेदनाशामक गोळ्या लागल्या तेही लिहा. मलमाला महिनाभर, कर्क्युमिनला सहा-आठ आठवडे, माशाच्या तेलाला तीन महिने, वजनाला सहा महिने द्या. तेवढ्यात आकडा हलला नाही तर पैसे वाचवा.

उलट एखाद्या 'शुद्ध वनस्पतीजन्य' गोळीने दोन दिवसांत जादू झाली तर खूश होण्याआधी शंका घ्या. सांधेदुखीच्या अशा काही उत्पादनांत लेबलवर न लिहिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला होता. अशी गोळी बरेच दिवस घेतली असेल तर ती परस्पर बंदही करू नका. स्टेरॉइड एकदम तोडणं धोक्याचं असतं, डॉक्टरांना गोळी दाखवून हळूहळू सोडा.

रक्त पातळ करणारं औषध चालू असणाऱ्यांची यादी आणखी छोटी होते. कर्क्युमिनचा अर्क, ग्लुकोसामाइन आणि जास्त मात्रेचं माशाचं तेल यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, त्यामुळे ही तिन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. वजन, व्यायाम आणि मिरचीचं मलम एवढं उरतं, आणि झिजेच्या गुडघ्याला तेवढं पुष्कळ आहे.