नेरळजवळच्या शेतावरचं मे महिन्यातलं जेवण आणि ओल्या फेण्या

नेरळ स्टेशनपासून रिक्षाने वीसेक मिनिटांवर एक शेतकरी कुटुंब उन्हाळ्यात शनिवार-रविवारी शेतावर जेवण देतं. आधी फोन करून सांगायचं, पंधरा माणसांच्या वर घेत नाहीत. नाव-नंबर कुठे टाकू नका असं काकांनीच सांगितलंय, गर्दी झाली की शेती मागे पडेल म्हणतात, त्यामुळे टाकत नाहीये. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मेसेज करा, त्यांना विचारून कळवते.

आधी जेवणाबद्दल. तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं, कच्च्या फणसाची भाजी, कांदा-कैरीची चटणी, कोकमाचं सार आणि साधा भात. बिरडं तर अफलातून, वालाचा तो कडवटपणा गूळ-खोबऱ्याखाली दाबून टाकलेला नव्हता, नीट लागत होता. आणि आंबे हापूस नाहीत हं, बांधावरचे रायवळ. बादलीत पाणी घालून समोर ठेवतात आणि ज्याने त्याने घ्यायचा, चोळून मऊ करायचा, चोखायचा. एक साखरेसारखा गोड, दुसरा आंबटढाण, तिसऱ्यात नुसत्या शिरा, पण वास असा की हात धुवावेसे वाटत नाहीत. पेटीतल्या एकसारख्या आंब्यांत ही मजा नाही.

आता हे सगळं एवढं चांगलं का लागतं त्याचं उत्तर शेतात आहे. ही मंडळी एसआरटी पद्धतीने भात करतात, म्हणजे सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक, जी नेरळच्याच सगुणा बाग या शेतावर तिथले शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केली. गादीवाफे एकदाच करायचे आणि मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने वाफ्यावर भोकं पाडायची आणि त्यात भात टोकायचं. कापणी झाली की मुळं उपटायची नाहीत, ती जमिनीतच कुजतात, त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, त्यातून हवा-पाणी खाली जातं आणि गांडुळं येतात. काकांनी भर मे महिन्यात पालापाचोळा बाजूला करून कुदळीने ढेकूळ काढून दाखवलं, हातात घेतलं तर भुसभुशीत! रोपंच करायची नाहीत त्यामुळे राब भाजणं (रोपांच्या जागेवर फांद्या-पाला पसरून जाळणं) बंद, राबासाठी झाडांच्या फांद्या तोडणं बंद, बांधावरचे आंबे-जांभळी दाट आहेत त्या त्यामुळेच. चिखलणीत मातीचा पोत मोडतो आणि गाळ पावसात वाहून जातो, ते इथे होत नाही, शिवाय खाचरात पाणी तुंबवून ठेवत नसल्याने हवामान तापवणारा मिथेन वायूही कमी. भात निघाला की त्याच वाफ्यांवर वाल, तो उरलेल्या ओलीवर येतो, वेगळं पाणी लागत नाही. तोच वाल आमच्या ताटात होता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. एसआरटी म्हणजे सेंद्रिय नव्हे, या पद्धतीत तणनाशक वापरतात. मला ते आवडत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "सुरुवातीला मारावंच लागलं, आता एका तुकड्यात बंद केलंय, तिथे तण हाताने कापतो, मजुरी जास्त जाते." न लपवता सांगितलं म्हणून माझा विश्वास वाढला. ज्यांना रसायन अजिबातच नको त्यांनी त्या तुकड्यातला तांदूळ वेगळा मागून घ्यावा, तसा ठेवतात ते.

आणि फेण्या, म्हणजे तांदळाचे वाळवणाचे पापड! सकाळी लवकर पोचलात तर शेजारच्या चार घरच्या बायका अंगणात जमलेल्या असतात, आंबवलेल्या तांदळाचं पीठ पानांवर पसरायचं, वाफवायचं, अलगद सोडवून कापडावर टाकायचं. आजी कुणालाही पाहुणा म्हणून बसू देत नाहीत, मलाही पसरायला लावलं, पोरांकडे कावळे हाकलायचं काम. बदल्यात ओली फेणी वर कच्चं तेल घालून, हे खाल्ल्याशिवाय उन्हाळा झाला असं मी तरी म्हणणार नाही. तेवढ्यात माथेरानच्या उतारावरून कातकरी बायका पानाच्या द्रोणांत करवंदं-जांभळं घेऊन आल्या, काकूंनी त्या म्हणतील त्या भावाने सगळी घेतली आणि त्यांनाही पंगतीला बसवलं. एकाच पंगतीत शेजारी, डोंगरावरच्या बायका, मुंबईची आम्ही माणसं, वाढणारेही आमच्यातलेच. शहरातल्या फार्म-टू-टेबल हॉटेलात कितीही पैसे दिले तरी हे मिळत नाही, कारण तिथे पिकवणारा माणूस आपल्या शेजारी जेवायला बसलेला नसतो.

गैरसोयी आहेत. रस्त्यापासून शेतापर्यंतची पायवाट उघडी, दुपारी बारानंतर चालणं कठीण, म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलात तर सकाळीच पोचा. पंखा नाही, आंब्याखाली खाटा टाकतात. संडास एकच पण स्वच्छ. माणशी ४०० रुपये, मुलांचे निम्मे, पोट फुटेस्तोवर वाढतात.

मृग लागायच्या आत जा, नंतर ते पेरणीत असतात आणि जेवण बंद. कापडी पिशवी न्या, तांदूळ-वाल सुटे मिळतात, वाळलेल्या फेण्या मात्र आधी सांगून ठेवाव्या लागतात, शेजारणींचा वाटा काढून उरल्या तरच देतात.