क्लास लावावा की चौघांनी मिळून बोलायला बसावं?

इंग्रजी वाचता येतं, समजतं, ऑफिसचा मेलही लिहिता येतो. पण मीटिंगमध्ये आपलं नाव घेतलं की घशाला कोरड पडते. मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधीच्या आम्ही सगळ्यांनी ते पाचवीत गिरवायला घेतलं, आणि गिरवलं ते वहीत, तोंडाने नाही. अशा माणसापुढे आज तीन-चार वाटा असतात: स्पोकन इंग्लिशचा क्लास, शिकणाऱ्यांचाच छोटा गट, भाषणाचा क्लब, नाहीतर मोबाइलवरचा सराव. मी तीन महिने क्लास केला आणि नंतर दोन वर्षं गटात बसलो. त्यामुळे माझा कल गटाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला हिशेब पैशांचा न करता मिनिटांचा करा. क्लासमध्ये तीस जणांची बॅच, वेळ एक तास. त्यातला अर्धा तास सर बोलणार, हे गृहीत धरा. उरलेला अर्धा तास तीस जणांत वाटला, तर तुमच्या वाट्याला येतं एक मिनिट. पाच जणांच्या गटात त्याच तासाची प्रत्येकाला बारा मिनिटं मिळतात. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांना समजायचं उत्तम, पण बोलताना ती अडायची. स्वतः वाक्य जुळवायला लागतं तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते कळतं. हे वाचलं तेव्हा मला माझीच शाळा आठवली.

म्हणून क्लास वाया जातो असं मात्र नाही. ‘डिड’नंतर क्रियापदाचं कोणतं रूप येतं हेच पक्कं नसेल, तर चार कच्चे एकत्र बसून ते पक्कं होणार नाही. तिथे शिकवणाराच हवा. दोन महिने क्लास करा, वाक्याचा सांगाडा हाताशी येऊ द्या. फी भरण्याआधी एवढंच विचारा: बॅचमध्ये किती जण, आणि जोड्या करून बोलायला देता का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरा क्लास बघा.

गटाबद्दल सगळ्यांची पहिली शंका एकच असते, की सगळेच चुकणार मग एकमेकांच्या चुकाच शिकणार नाही का? शंका रास्त आहे, पण धोका जरा वेगळ्या ठिकाणी आहे. आमच्या गटात सुरुवातीला सगळे मराठी होतो. कुणी ‘आय केम यस्टरडे ओन्ली’ म्हटलं की सगळ्यांना त्यामागचं ‘कालच’ ऐकू यायचं आणि गाडी पुढे जायची. ‘आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम टू इयर्स’मध्येही आमचं ‘दोन वर्षांपासून’ जसंच्या तसं बसलेलं. कुणालाच काही खटकत नव्हतं. मग एक तमिळ मैत्रीण यायला लागली. एकाने त्याच्या किराणा दुकानाचं सांगताना ‘उधारी’ हा शब्द सहज वापरला. तिने थांबवलं, ‘व्हॉट इज दॅट?’ तो गडबडला, मग जुळवत गेला: माल आज नेतात, पैसे पगार झाल्यावर देतात, मी वहीत लिहून ठेवतो. एका शब्दापायी त्याने इंग्रजीत चार वाक्यं रचली. आधीचे दोन महिने त्याच शब्दावर आम्ही नुसत्या माना डोलावल्या असत्या.

इव्हांजेलिन व्हारोनिस आणि सुझन गॅस यांनी १९८५ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांची आपापसातली संभाषणं तपासली होती. दोघांची मातृभाषा वेगळी असली, की थांबून अर्थ विचारण्याचे, पुन्हा समजावण्याचे प्रसंग जास्त येतात, असं त्यांना दिसलं. मुंबई-पुण्यात असा मिश्र गट जमवणं अवघड नाही. ऑफिसमध्ये, सोसायटीत तेलुगू, बंगाली, मल्याळी माणसं असतातच. तालुक्याच्या गावी ते जमेलच असं नाही. तिथे माहितीच वाटून घ्या. बातमीचे दोन तुकडे करून दोघांना द्या, पूर्ण बातमी एकमेकांना विचारूनच जुळवायची. किंवा एकाकडे एसटीचं वेळापत्रक आणि दुसऱ्याला प्रवास ठरवायचाय. मग विचारल्यावाचून गत्यंतर राहत नाही, भाषा एकच असली तरी.

चुका दाखवण्याची रीत आधीच ठरवा. यावरूनच गट मोडतात. वाक्य चालू असताना मध्ये बोलायचं नाही. चुका टिपून ठेवायच्या आणि शेवटी प्रत्येकाला दोनच सांगायच्या. दोघांचं एकमत झालं नाही तर वाद न घालता प्रश्न वहीत लिहायचा, शब्दकोशात बघायचा, नाहीतर महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या शिक्षकांना विचारायचा. साहेब आणि हाताखालची माणसं एका गटात घेऊ नका. आमच्याकडे एक वरिष्ठ आले आणि त्या दिवसापासून दोघी पूर्ण गप्प झाल्या.

भाषणाचा क्लब म्हणजे टोस्टमास्टर्ससारखा; त्याची शिस्त वेगळी. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेली ही पद्धत आज आपल्या मोठ्या शहरांतही आहे. तयारीचं भाषण साधारण पाच ते सात मिनिटं, आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं. वेळ बघायला एक जण, ‘अं… अं…’ मोजायला एक जण, व्याकरण ऐकायला आणखी एक. सभेपुढे उभं राहायची भीती घालवायला मला हे फार आवडतं. पण समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथे उत्तर देणं, न कळलेलं विचारणं, हा सराव तिथे कमीच होतो. प्रेझेंटेशन द्यायची असतील तर क्लब, ग्राहकाशी फोनवर बोलायचं असेल तर गट.

मोबाइलवरच्या सरावाचं थोडक्यात: रात्री अकरालाही बोलता येतं आणि लाज वाटत नाही, हा मोठा फायदा. पण तुमचं वाक्य कळलं नाही म्हणून समोरच्या माणसाच्या कपाळावर पडणारी आठी तिथे दिसत नाही.

पंधरा दिवसांवर मुलाखत असेल तर नवा गट जमवत बसू नका. चांगल्या शिक्षकाकडे एकट्याने तास घ्या आणि संध्याकाळी एका मित्राला समोर बसवून त्याच प्रश्नांची उत्तरं द्या. घाई नसेल तर मात्र चौघे शोधा. रविवारी सकाळचा एक तास, जागा ठरलेली, आणि एक जण आला नाही तरी बाकीच्यांनी बसायचंच.