सोलराइज्ड रंगसंगती टर्मिनलवर: एक टिक काढा, मगच लावा

सांगली-साताऱ्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं की बहुतेकदा काळ्यावर पांढरं तरी दिसतं, नाहीतर निळसर-हिरव्या गडद पार्श्वभूमीचं सोलराइज्ड. ईथन शूनोव्हर यांनी 2011 साली आणलेली ही 16 रंगांची संगती फुकट आहे आणि मनापासून विचार करून केलेली आहे. आठ राखाडी छटा, आठ रंग. पार्श्वभूमीचं मूल्य (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी 0 ते 255) 0, 43, 54. पिवळा 181, 137, 0: हा आपल्या राजापुरी हळदीचा लखलखीत पिवळा नव्हे, न घासलेल्या पितळेचा. तासन्‌तास बघायला त्यामुळेच बरा वाटतो.

कोड लिहायच्या एडिटरमध्ये ती उत्तम चालते, शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मात्र अडते. टर्मिनलमध्ये रंगांच्या 0 ते 15 अशा 16 जागा असतात, त्यांपैकी शेवटच्या आठ (8 ते 15) खरं तर 'उजळ' रंगांच्या. सोलराइज्डनं त्यातल्या सहा जागांवर राखाडी छटा बसवल्या आहेत. आता एलएस (ls, फाइलींची यादी दाखवणारी) कमांड फोल्डरचं नाव 'ठळक निळ्या'त, म्हणजे 1 आणि 34 हे कोड देऊन छापते. बरीच टर्मिनल्स ठळक म्हणजे उजळ असं धरून साध्या निळ्याच्या 4 ऐवजी 12 नंबरचा रंग उचलतात. तिथं बसलाय साध्या मजकुराचाच राखाडी. झालं, फोल्डर आणि फाइल एकसारखे दिसायला लागतात. चालवता येणाऱ्या फाइलचा ठळक हिरवा तर 10 नंबरवर जाऊन आणखी फिका पडतो. लोक एलएसला दोष देतात, पण तिची काही चूक नाही.

लिनक्सवरच्या जीनोम टर्मिनलमध्ये प्रेफरन्सेसमधून आपलं प्रोफाइल उघडा आणि कलर्सवर जा. सिस्टिम थीमचे रंग वापरण्याची टिक काढा. वरच्या यादीत सोलराइज्ड डार्क निवडा आणि खाली पॅलेटच्या यादीतही सोलराइज्ड निवडा. या दोन याद्या वेगळ्या आहेत. नुसती वरची बदलली तर पार्श्वभूमी बदलते, रंग जुनेच राहतात. शेवटी 'शो बोल्ड टेक्स्ट इन ब्राइट कलर्स'ची टिक असेल तर काढा. पटीमध्ये (PuTTY, विंडोजवरून सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) हेच काम विंडो, कलर्समध्ये 'बोल्ड'साठी 'द फॉन्ट' निवडून होतं. पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर लॉगिन करत असाल तरी बदल आपल्याच मशीनवर करायचा. सर्व्हर फक्त रंगाचा नंबर पाठवतो, रंग आपलं टर्मिनल ठरवतं.

एवढं करूनही 8 नंबर उरतोच. तो हुबेहूब पार्श्वभूमीचा रंग आहे. झेडशेल (zsh) या शेलचं ऑटोसजेशन्स प्लगइन टाइप करताना पुढची कमांड सुचवतं आणि ती सूचना मुळात 8 मध्येच दाखवतं, म्हणून गडद सोलराइज्डवर ती दिसतच नाही. प्लगइन बिघडलंय असं समजून पुन्हापुन्हा टाकत बसू नका. सूचनेचा रंग 8 चा 10 करा. स्वतःच्या स्क्रिप्टमध्येही 90 हा कोड टाळा (तो 8 नंबरच्याच रंगाचा), आणि रंग दिल्यावर शेवटी मूळ रंगावर आणणारा 0 द्यायला विसरू नका, नाहीतर लाल छापल्यावर पुढचा प्रॉम्प्टही (कमांड टाइप करायची ओळ) लाल.

खरी तक्रार वाचनीयतेची. मुख्य मजकुराचा कॉन्ट्रास्ट (पार्श्वभूमीशी उजळपणाचं गुणोत्तर) 4.75 ला 1, म्हणजे वेब सुलभतेच्या 4.5 च्या निकषाला जेमतेम पुरणारा. कमेंटचा, म्हणजे कोडमधल्या टिपांचा, राखाडी जवळपास 2.8. एप्रिलच्या दुपारी सांगलीच्या विश्रामबागेतल्या खिडकीशेजारी, चकाकणाऱ्या स्क्रीनवर या कमेंट वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. तेव्हा सोलराइज्डची फिकट पार्श्वभूमीची लाइट आवृत्ती लावा. तिचा कॉन्ट्रास्ट आकड्यात 4.13, पण काचेवरचं प्रतिबिंब खूप कमी त्रास देतं. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर दोन्ही नकोत, सरळ पांढऱ्यावर काळं.

लाल आणि हिरवा यांच्या उजळपणात फारसा फरक नाही. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांना ते वेगळे करणं अवघड जातं. गिटच्या डिफमध्ये (कोडमधले बदल दाखवणाऱ्या यादीत) अधिक-उणेची चिन्हं असतात म्हणून निभावतं. तुमच्या टेस्टच्या निकालात 'पास', 'फेल' हे शब्द लिहिलेले असू द्या, नुसत्या रंगावर सोडू नका.