हायस्कूलसाठीची लक्ष्यनिश्चिती आणि शिक्षक-गट योजना: घेण्याआधी काय तपासावं

हायस्कूलचा निकाल वाढवायचा म्हटलं की शाळेसमोर हल्ली एक तयार योजना येते. दोन दिवसांची कार्यशाळा, लक्ष्य लिहायचे छापील तक्ते, विषयशिक्षकांच्या साप्ताहिक बैठकीचा आराखडा, मार्क भरायचं सॉफ्टवेअर आणि वर्षातून तीन-चार वेळा मार्गदर्शकाची भेट. देणाऱ्या संस्था वेगळ्या, नावं वेगळी, पण आतला माल बराचसा तोच असतो. म्हणून इथे कुठल्या एका संस्थेचं नाव न घेता त्या मालाचंच परीक्षण केलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. योजना घेण्यासारखी आहे, पण सगळी नाही. सामाईक चाचणी आणि तिच्यावरची बैठक हा तिचा सगळ्यात भक्कम भाग आहे. लक्ष्याचा तक्ता जसा मिळतो तसा वापरला तर निम्माच उपयोगी पडतो. सॉफ्टवेअर नसलं तरी काही अडत नाही.

शिक्षक-गटांच्या या पद्धतीचं एक मुख्य मूळ अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात आहे. लिंकनशायरच्या अॅडलाय स्टीव्हन्सन हायस्कूलमध्ये रिचर्ड ड्यूफोर १९८३ मध्ये मुख्याध्यापक झाले आणि शिक्षकांच्या गटांनी काम करण्याची ही रीत तिथून नावारूपाला आली. गटाने सतत विचारायचे चार प्रश्न त्यांनी पुढे आणले. मुलांनी नेमकं काय शिकायला हवं? ते शिकले हे कशावरून कळणार? शिकले नाहीत तर आपण काय करणार? आणि ज्यांना आधीच येतंय त्यांचं काय? योजना निवडताना याच चार प्रश्नांवर तिचे कागद पडताळून पाहावेत. पहिल्या दोन प्रश्नांवर पानंच्या पानं असतात, तिसऱ्यावर थोडं काही, आणि चौथ्याची जागा बहुतेक वेळा कोरी. त्यामुळे सगळं लक्ष नापासांवर लागतं आणि वर्गातली हुशार मुलं पुन्हा तीच उजळणी करत बसतात.

आता लक्ष्याचा तक्ता. त्यावर पाच अक्षरांची ‘स्मार्ट’ (SMART) चौकट छापलेली असते, म्हणजे चांगल्या लक्ष्याच्या पाच कसोट्यांची इंग्रजी आद्याक्षरं. ही चौकट जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये व्यवस्थापनाच्या एका मासिकात मांडली. त्यातल्या ‘ए’चा त्यांनी दिलेला अर्थ होता ‘हे काम कोणाकडे सोपवलंय’. पुढे फिरता फिरता तो ‘साध्य होण्याजोगं’ असा झाला आणि शाळांच्या तक्त्यावर आज तोच दिसतो. हा फरक लहान नाही. “नववीच्या गणितात पात्र पातळीवर पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेणे” हे वाक्य तक्त्यावर देखणं दिसतं, पण सोमवारी तिसऱ्या तासिकेला कोणी काय वेगळं करायचं हे त्यातून कळत नाही. तक्ता घ्यायचाच असेल तर त्यात दोन रकाने हाताने वाढवा: ‘कोण’ आणि ‘कोणत्या तासिकेला’. भरलेल्या लक्ष्याखाली हे दोन रकाने रिकामे असतील तर ते लक्ष्य अजून लिहून झालेलं नाही असं समजावं.

लक्ष्य किती अवघड असावं यावर कार्यशाळांमध्ये सहसा एकच उत्तर मिळतं: मोठं ठेवा. त्यामागे एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांचं संशोधन आहे. नेमकं आणि अवघड लक्ष्य ठेवणारे ‘जमेल तितकं चांगलं करा’ असं सांगितलेल्यांपेक्षा चांगलं काम करतात, हे त्यांनी वारंवार दाखवलं. पण त्याच संशोधनातल्या अटी कार्यशाळेत गळून पडतात. माणसाला ते काम जमत असावं लागतं, लक्ष्य त्याने मनापासून स्वीकारलेलं असावं लागतं आणि आपण कुठवर आलो हे त्याला कळत राहावं लागतं. काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर मार्कांचं लक्ष्य उलटंही पडतं. तिथे शिकण्याचं लक्ष्य बरं. अपूर्णांकच कच्चे असलेल्या मुलाला “बीजगणितात ८० मार्क” असं लक्ष्य दिलं की तो उदाहरणं पाठ करू लागतो. त्याऐवजी “छेद वेगळे असलेली बेरीज मी तीन वेगवेगळ्या प्रकारे करून दाखवीन” हे लक्ष्य त्याला काहीतरी करायला देतं.

विद्यार्थ्यांच्या लक्ष्यपत्रिकेतही हीच दुरुस्ती हवी. नुसता आकडा न लिहिता ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा रचनेत ती भरून घ्या. “समीकरण सोडवून झालं की उत्तर मूळ समीकरणात घालून पाहीन.” “रात्रीचं जेवण झालं की आधी आज चुकलेली तीन उदाहरणं पुन्हा सोडवीन.” मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये याच प्रकारच्या ठरावांचा परिणाम मांडला. वेळ आणि कृती जोडून ठेवली की आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. एका मुलाला एका वेळी एकच ठराव द्यावा आणि आठवड्यातून एकदा तीन मिनिटांत तो पाहावा. पाच-पाच लक्ष्यांची रंगीत पत्रिका दुसऱ्या आठवड्यात दप्तराच्या तळाशी जाते.

आता योजनेच्या सगळ्यात चांगल्या भागाकडे. एकाच इयत्तेला एकच विषय शिकवणारे तीन ते पाच शिक्षक साधारण तीन आठवड्यांनी एक छोटी सामाईक चाचणी घेतात. तिच्यात तीन कौशल्यं आणि प्रत्येकावर चार प्रश्न, म्हणजे एकूण बारा. चारच का? एका प्रश्नावरची चूक घाईतली असू शकते, दोन प्रश्नांत नशीब साथ देऊ शकतं. चारपैकी तीन बरोबर आले तर कौशल्य आलं असं म्हणायला आधार मिळतो. प्रश्नपत्रिका शिकवायला सुरुवात करण्याआधी ठरलेली हवी. शिकवून झाल्यावर काढली तर जे वर्गात झालं तेवढंच विचारलं जातं आणि चौघांच्या चार वेगळ्या चाचण्या होतात.

उत्तरपत्रिका दोन दिवसांत टेबलावर आल्या पाहिजेत. आणि टेबलावर आकड्यांचा तक्ता पुरत नाही, कागद लागतात. एक उदाहरण जवळून पाहू. प्रश्न आहे ३(क्ष − २) = १२. बरोबर उत्तर ६. तक्ता सांगतो की चार वर्गांत मिळून इतक्यांचं चुकलं. कागद पाहिले की दोन वेगळे ढीग पडतात. एका ढिगात मुलांनी ३क्ष − २ = १२ लिहून १४/३ काढलंय. म्हणजे त्यांनी कंसातल्या पहिल्याच पदाला ३ ने गुणलं, दुसऱ्याला विसरले. दुसऱ्या ढिगात कंस नीट सुटलाय, ३क्ष − ६ = १२ असं लिहिलंय, पण पुढे ३क्ष = १२ − ६ करून उत्तर २ आलंय. कंस त्यांना येतो, पद पलीकडे नेताना चिन्ह चुकतं. दोघांनाही शून्य मार्क, पण दोघांचं औषध वेगळं. पहिल्यांना कंसातल्या प्रत्येक पदाचा गुणाकार वेगळ्या ओळीत लिहायला लावायचा. दुसऱ्यांना ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदल’ हा पाठ केलेला नियम बाजूला ठेवून दोन्ही बाजूंना ६ मिळवायला शिकवायचं. आणि दोघांनाही उत्तर परत घालून पाहायची सवय लावायची: क्ष = २ घातला की डावी बाजू शून्य होते, १४/३ घातला की ८ येते, आणि उजवीकडे तर १२ आहेत.

एका शिक्षकाच्या वर्गात पहिल्या ढिगातले कागद जवळजवळ नसतात, तेव्हा बैठकीचं खरं मोल कळतं. ‘तुम्ही कंस कसा शिकवला?’ हा प्रश्न तिथे विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा साधं असतं: ३ पासून दोन्ही पदांपर्यंत बाण काढायला लावले, एवढंच. पण स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं शेजारी बसूनही ही गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, कारण विचारायला निमित्त नसतं. सामाईक चाचणी ते निमित्त देते.

निबंध आणि दीर्घोत्तरी प्रश्नांत आधी तपासणी जुळवावी लागते. सगळ्यांनी त्याच पाच उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासायच्या. चार पातळ्यांच्या निकषावर दोघांत एका पातळीपेक्षा जास्त फरक आला तर पुढची एकही उत्तरपत्रिका न तपासता निकषाची भाषा सुधारायची. ‘मुद्देसूद मांडणी’ हा शब्द प्रत्येकजण आपापल्या परीने वाचतो. ‘दाव्याखाली मजकुरातला किमान एक पुरावा आणि तो दाव्याला कसा जोडला जातो याचं एक वाक्य’ हे सगळे सारखंच वाचतात. ही पायरी गाळली तर वर्गावर्गांतली तुलना मुलांची न राहता तपासणाऱ्यांची होते.

बैठकीला ५० मिनिटं पुरतात. पहिली ५ मागच्या निर्णयाचं काय झालं यासाठी, १५ उत्तरपत्रिका वाचायला, २० कारण आणि उपाय यावर, शेवटची १० कोण काय कधी करणार हे लिहायला. वेळेवर लक्ष ठेवणारा आणि नोंद करणारा असे दोघे नेमावेत आणि दर महिन्याला बदलावेत. ही तासिका वेळापत्रकातच हवी. शाळा सुटल्यावर ठेवलेली बैठक दोन महिन्यांत सूचना वाचून दाखवण्यापुरती उरते. जी संस्था वेळापत्रक बदलण्याबद्दल एक शब्दही न काढता कार्यशाळेची तारीख मागते, तिला नकार द्यावा.

उपायही शाळेच्या वेळेतच बसवावा लागतो. चाचणीनंतरच्या आठवड्यात दोन तासिका राखून ठेवा आणि मुलांना ढिगांप्रमाणे शिक्षकांमध्ये वाटा. कंस चुकलेले एकाकडे, चिन्ह चुकलेले दुसऱ्याकडे, आणि ज्यांना सगळं आलंय ते तिसऱ्याकडे, अवघड शाब्दिक उदाहरणांवर. मग त्याच कौशल्यावर पण नव्या प्रश्नांची छोटी फेरचाचणी. तेच प्रश्न पुन्हा दिले तर मोजलं जातं ते पाठांतर. ऐच्छिक जादा तास ठेवले तर ज्यांना सर्वात जास्त गरज आहे तीच मुलं येत नाहीत. तासिका दुसरीकडून काढाव्या लागतात, आणि ‘पोर्शन कसा पूर्ण होणार’ ही शिक्षकांची काळजी खोटी नाही. त्यावर एकच मार्ग आहे: वर्षाच्या सुरुवातीला गटाने बसून विषयातली दहा-बारा अत्यावश्यक कौशल्यं निवडायची आणि उरलेल्यांना कमी वेळ द्यायचा. हे काम कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण होत नसेल तर त्या दिवसाचा उपयोग काय?

योजना बिघडते ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं, चाचणीचे आकडे शिक्षकांच्या मूल्यमापनाला जोडले जातात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच बजावलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा बिघडत जातो. गटातही नेमकं तेच होतं. प्रश्न सोपे होतात, चाचणीच्या आदल्या दिवशी तशीच उदाहरणं घेतली जातात, आणि उत्तरपत्रिका टेबलावर यायच्याच बंद होतात. मुख्याध्यापकांनी गटाचा निर्णय आणि फेरचाचणीचा एकत्रित निकाल पाहावा. वर्गनिहाय आकडे गटातच राहू द्यावेत. दुसरं, ‘६० वरून ७० टक्के’ असं लक्ष्य ठेवलं की सगळी मेहनत रेषेच्या अगदी खाली असलेल्या मुलांवर जाते. ३५ मार्कांना पास असेल तर ३० ते ३४ वाल्यांवर, आणि १५ मार्कांवरचं मूल आणखी मागे पडतं. म्हणून टक्केवारीच्या लक्ष्याशेजारी दुसरं लक्ष्य हवंच: सर्वात खालच्या पातळीतल्या प्रत्येक मुलाने किमान किती कौशल्यं पार केली.

विक्रीच्या माहितीपत्रकात १.५७ हा आकडा दिसला तर भुलू नये. शिक्षण-संशोधक जॉन हॅटी यांनी कोणत्या गोष्टीचा शिकण्यावर किती परिणाम होतो याची यादी केली आहे; तिच्यात शिक्षकांच्या सामूहिक आत्मविश्वासासमोर एके काळी तो होता, नंतर तो कमी झाला. शिवाय तो शाळांमधला हा विश्वास आणि मुलांची प्रगती यांच्या परस्परसंबंधातून आलेला आहे. बैठका सुरू केल्या की तितका फायदा होतो, असा त्याचा अर्थ निघत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल एवढंच: चार वर्गांचे मार्क एका साध्या तक्त्यात बसतात आणि मार्क भरायचं सॉफ्टवेअर चुकांचे ढीग पाडून देत नाही. मार्गदर्शकाच्या भेटीवर मात्र खर्च करावा, पण त्याने भाषण न देता गटाच्या बैठकीत बसावं अशी अट करारात लिहून घ्यावी. चित्रकला, संगीत अशा विषयांना शाळेत एकच शिक्षक असतो. त्यांना उगाच भलत्या गटात बसवण्यापेक्षा दुसऱ्या शाळेतल्या त्याच विषयाच्या शिक्षकांशी जोडून द्यावं.

पहिल्या वर्षी सगळी शाळा यात ओढू नये. एक इयत्ता, एक विषय, चार सामाईक चाचण्या. चौथ्या चाचणीपर्यंत फेरचाचणीच्या तासिका टिकल्या असतील तर दुसऱ्या वर्षी दुसरा विषय घ्यावा. टिकल्या नसतील तर नवीन संच विकत न घेता आधी वेळापत्रक उघडावं.